भूल, शस्त्रक्रिया आणि बालकाचे मूत्रपिंड

लहान मुलाची शस्त्रक्रिया आटोपून त्याला खोलीत आणले, की नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘भूल कधी उतरेल?’ आणि ‘शू कधी होईल?’ पहिल्याचे उत्तर भूलतज्ज्ञ देतात. दुसऱ्याचे उत्तर सहा-आठ तास मिळाले नाही, की आजी अस्वस्थ होतात, वडील परिचारिकेकडे जातात, परिचारिका निवासी डॉक्टरांना सांगते आणि अखेरीस बालरोगतज्ज्ञाचा फोन वाजतो. ‘सर, लघवी कमी आहे, किडनीवर तर परिणाम झाला नाही ना?’ आणि पाठोपाठ, ‘सलाईन वाढवू, की लॅसिक्स देऊ?’

आपल्या स्मरणिकेचे निम्मे वाचक वैद्यक व्यवसायातील असतात आणि निम्मे त्यांच्या घरची मंडळी. दोघांनाही उपयोगी पडेल, या विचाराने याच प्रश्नावर लिहावे असे ठरवले. माझे म्हणणे थोडक्यात असे: शस्त्रक्रियेनंतर लघवी कमी होणे हे बहुतेक वेळा मूत्रपिंड बिघडल्याचे नव्हे, तर ते चोख काम करीत असल्याचे लक्षण असते. खरा धोका पुष्कळदा त्या कमी लघवीवर आपण घाईघाईने जो इलाज करतो त्यात असतो. आणि याच्या उलट, मूत्रपिंडाला खरीखुरी इजा झालेली असताना लघवी भरपूरही असू शकते. हे विधान चमत्कारिक वाटेल. पण मूत्रपिंडातून रक्त कसे वाहते हे पाहिले, की त्यातले कोडे उरत नाही.

प्रौढ माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून वजनाने जेमतेम ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, मिनिटाला एक लिटर किंवा थोडे अधिकच, या दोन अवयवांकडे जातो. वजनाच्या मानाने पाहिले तर मेंदूलाही एवढे रक्त मिळत नाही. हे रक्त मूत्रपिंडाच्या स्वतःच्या पोषणासाठी नसते. ते गाळण्यासाठी आलेले असते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड लिटर वगळता सारा पुन्हा रक्तात परत घेतला जातो. गाळणे हे त्यामानाने स्वस्त काम. गाळलेले मीठ आणि पाणी परत उचलणे हे महाग काम; प्राणवायूचा बहुतेक खर्च तिथे होतो.

आता यातली विसंगती पाहा. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात, जिथे गाळण्या असतात, तिथे रक्ताची सुबत्ता असते. आतल्या गाभ्यात, जिथे मीठ उपसण्याचे कष्टाचे काम चालते, तिथे एकूण रक्ताचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी पोहोचतो. बाहेरच्या थरात प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या ५० मिलिमीटरच्या आसपास असतो, तर गाभ्यात तो १० ते २० इतकाच. रक्त तिथे मुद्दामच मंद वाहते, कारण जोराने वाहिले तर गाभ्यातली मिठाची तीव्रता धुऊन जाईल आणि लघवी घट्ट करण्याची शक्तीच नाहीशी होईल. ब्रेझिस आणि रोझेन यांनी १९९५ साली या विषयावर लिहिलेला लेख आमच्या पिढीतील अनेकांनी वाचलेला असेल. श्रीमंत वाड्याच्या तळघरात राबणारा, रोजची मिळकत रोज संपवणारा गडी असावा, तशी या गाभ्याची स्थिती असते. वाड्याचे उत्पन्न घटले, की पहिली झळ त्याला लागते.

हे उत्पन्न घटू नये म्हणून मूत्रपिंडाने स्वतःची व्यवस्था करून ठेवलेली आहे. गाळणीत रक्त आणणारी एक सूक्ष्म रोहिणी असते आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. दोन्हींना आकुंचन पावता येते. रक्तदाब वाढला तर आणणारी आवळते. घटला तर ती सैल होते आणि नेणारी आवळते, म्हणजे गाळणीतला दाब टिकून राहतो. सरासरी रक्तदाब ८० ते १६० मिलिमीटरच्या दरम्यान कुठेही असला, तरी निरोगी प्रौढाच्या मूत्रपिंडातील रक्तप्रवाह जवळजवळ स्थिर राहतो. आणणारी रोहिणी सैल ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन हे रसायन करते, तर नेणारी आवळण्याचे काम अँजिओटेन्सिन. ही दोन नावे लक्षात ठेवावीत, कारण वेदनाशामकांची कथा त्यांच्यापाशी येऊन थांबते.

आता भूल दिली, की काय होते? श्वासावाटे द्यायची असोत वा शिरेतून, भुलीची बहुतेक औषधे रक्तवाहिन्या सैल करतात आणि हृदयाचा जोर थोडा कमी करतात. रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडाकडे जाणारे रक्त घटते, गाळण कमी होते. कृत्रिम श्वसनयंत्र छातीत हवा ढकलते तेव्हा छातीतला दाब वाढून हृदयाकडे परत येणारे रक्त रोखले जाते. त्याचाही परिणाम त्याच दिशेचा. पण हे सारे परिणाम तात्पुरते असतात. भूल उतरली, शरीरात पाणी पुरेसे असले, की काही तासांत घडी पूर्ववत बसते. ‘भुलीने किडनी जाते’ असे कुणी म्हणाले, तर आजच्या औषधांपुरते ते खरे नाही, असे मी निःशंकपणे सांगतो. उलट अपुरी भूल अधिक वाईट. वेदनेने चेतासंस्था खवळली, की मूत्रपिंडाच्या रोहिण्या करकचून आवळतात. वेदना पुरती शमवणारा भूलतज्ज्ञ मूत्रपिंडाचेही रक्षण करीत असतो.

या समजुतीचे मूळ मात्र अगदीच काल्पनिक नाही. मेथॉक्सिफ्ल्युरेन नावाचे श्वासावाटे द्यायचे औषध १९६० च्या सुमारास वापरात आले. वेदनाशमन उत्तम, हृदयाची लय न बिघडवणारे, म्हणून ते लोकप्रिय झाले. १९६६ साली एक वृत्तान्त प्रसिद्ध झाला, की या औषधानंतर काही रुग्णांना मूत्रपिंडाचा विकार होतो. पण लघवी कमी होऊन नव्हे! त्यांना लिटरच्या लिटर, पाण्यासारखी फिकी लघवी होत होती आणि तरीही रक्तातील युरिया चढत होता. पुढे उलगडा झाला, की या औषधाचे शरीरात विघटन होऊन फ्ल्युओराइड सुटते आणि ते नलिकांची लघवी घट्ट करण्याची शक्ती हिरावून घेते. भूल देण्यासाठीचा त्याचा वापर पुढच्या दशकात बंद पडला. ऑस्ट्रेलियात मात्र अगदी थोड्या मात्रेत, अपघातस्थळी वेदना कमी करण्यासाठी ते हुंगायला देत राहिले, आणि त्या मात्रेत मूत्रपिंडाला इजा होत नाही. आज लहान मुलांना सर्रास दिल्या जाणाऱ्या सेवोफ्ल्युरेनमधूनही फ्ल्युओराइड सुटते, म्हणून त्याच्याविषयीही शंका घेतल्या गेल्या. परंतु ते शरीराबाहेर झटपट पडते, आणि इतक्या वर्षांच्या विस्तृत वापरात मुलांच्या मूत्रपिंडांवर त्याचा लक्षणीय दुष्परिणाम दिसून आलेला नाही.

पाठीतून दिल्या जाणाऱ्या भुलीविषयी पालकांच्या मनात उगाच भीती असते. प्रौढांत या भुलीने रक्तदाब चटकन उतरतो. पाच-सहा वर्षांखालील मुलांत मात्र तो फारसा उतरत नाही, ही निसर्गाची कृपाच म्हणायची. तिचा एक निराळा उपद्रव असतो. मूत्राशय काही काळ बधिर राहते, म्हणजे लघवी तयार झालेली असते, पण बाहेर पडत नाही. मॉर्फिननेही असे होते. म्हणून ‘लघवी झाली नाही’ असा फोन आला, की माझा पहिला प्रतिप्रश्न असतो: ओटीपोटावर हात ठेवून पाहिलात का? मूत्राशय टम्म भरलेले असेल, तर प्रश्न मूत्रपिंडाचा नाहीच. अशा वेळी सलाईन वाढवणे म्हणजे भरलेल्या घागरीवर नळ मोठा करणे.

भुलीहून शस्त्रक्रियेचा परिणाम मोठा आणि लांबणारा असतो. चाकू लागला, की शरीर त्याचा अर्थ एकच लावते: जखम झाली आहे, रक्त जाणार आहे, पाणी जपा. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून एडीएच हे संप्रेरक रक्तात येते आणि मूत्रपिंडाला पाणी सोडू नकोस असे बजावते. मूत्रपिंडातून रेनिन सुटते, त्यातून अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन तयार होतात, आणि मीठही रोखले जाते. परिणामी लघवी थोडी, गडद, घट्ट. यंत्रणा बिघडली असती, तर लघवी घट्ट झालीच नसती. वेदना, मळमळ, मॉर्फिनसारखी औषधे आणि उपाशीपोटी आलेला कोरडेपणा हे सारे या संप्रेरकाला आणखी चिथावतात. त्याचा अंमल शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस, कधी त्याहूनही अधिक टिकतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आणखी एक गोष्ट घडते. पोटात वायू भरून दाब वाढवला जातो. प्रौढांत तो साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतो. या दाबाने मूत्रपिंडाच्या शिरा चेपल्या जातात, रक्तप्रवाह घटतो आणि शस्त्रक्रिया चालू असताना लघवी अगदी थेंब-थेंब होते. वायू सोडला, की ती पूर्ववत होते. तान्ह्या बाळांत म्हणूनच सर्जन याहून बराच कमी दाब ठेवतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट मात्र वेगळी. तिथे रक्त काही काळ यंत्रातून फिरवावे लागते, आणि लहान बाळांत त्यानंतर मूत्रपिंडाला खरी इजा होण्याचे प्रमाण बरेच आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

बालकाचे मूत्रपिंड ही प्रौढाच्या मूत्रपिंडाची लहान प्रतिकृती नव्हे. गाळण्या तयार होण्याचे काम गर्भाच्या ३६ व्या आठवड्याच्या सुमारास संपते. त्याआधी जन्मलेल्या बाळाच्या गाळण्यांची संख्या कायमची कमी राहू शकते. गर्भात असताना बाळाच्या रक्तातील टाकाऊ पदार्थ काढण्याचे काम मुख्यतः वारेच्या भरवशावर, म्हणून मूत्रपिंडाकडे रक्तही जेमतेम जाते. जन्मानंतर हे सारे बदलू लागते. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची गाळण्याची क्षमता, शरीराच्या पृष्ठफळाच्या हिशेबाने, पहिल्या दिवसांत प्रौढाच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकी असते. दोन आठवड्यांत ती दुप्पट होते आणि वर्ष-दोन वर्षांत प्रौढाच्या पातळीला पोहोचते. प्रौढ लघवी जितकी घट्ट करू शकतो, त्याच्या जेमतेम निम्मी घट्ट नवजात बाळ करू शकते. म्हणजे पाणी कमी पडले तर ते त्याला जपता येत नाही, आणि जास्त झाले तर चटकन फेकता येत नाही. दोन्ही बाजूंनी चूक पचवण्याची जागा अरुंद.

म्हणून उपाशी ठेवण्याचा प्रश्न मला नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. माळव्यात मे महिन्यात, सकाळी अकराच्या शस्त्रक्रियेसाठी रात्री नऊपासून पाण्याचा थेंबही न दिलेले तीन वर्षांचे मूल पाहिले, की वाईट वाटते. यात कुणाचा दुष्टावा नसतो; ‘रात्रीनंतर काही देऊ नका’ हे सांगायला सोपे असते एवढेच. घन आहार आणि वरचे दूध यांसाठी सहा तास आणि आईच्या दुधासाठी चार तास ही मर्यादा बहुतेक ठिकाणी पाळतात. साधे पाणी किंवा साखरेचे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत देता येते, आणि युरोपातील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली मुलांसाठी ही मर्यादा एक तासावर आणली. टेबलावर मूल कोरडे आले, तर भुलीने रक्तदाब अधिक उतरतो आणि एडीएच आधीपासूनच चढलेले असते. पालकांनी आपल्या भूलतज्ज्ञांना ‘पाणी शेवटचे किती वाजता द्यायचे?’ असे स्पष्ट विचारावे. कुणालाही त्याचा राग येणार नाही.

शस्त्रक्रियेआधी मूत्रपिंडाची घडी बसवणे किती मोलाचे असते, याचे एक उत्तम उदाहरण बालरोगशास्त्रात आहे. महिन्या-दीड महिन्याच्या बाळाला, बहुधा पहिल्या मुलग्याला, प्रत्येक दुधानंतर जोराची उलटी होऊ लागते. जठराचे तोंड जाड होऊन बंद झालेले असते. रामस्टेट यांनी १९१२ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया आजही तीच आहे आणि ती अर्ध्या तासात होते. नातेवाईक म्हणतात, ‘आजच उरका.’ पण या बाळाने उलट्यांतून आम्ल आणि क्लोराइड गमावलेले असते. त्याचे रक्त अल्कधर्मी झालेले असते. मूत्रपिंड आधी ते दुरुस्त करण्याचा प्रयत्न करते. परंतु शरीरातले पाणी घटत गेले, की त्याच्यापुढे पेच उभा राहतो: रक्ताची अल्कता सुधारायची, की पाणी आणि मीठ राखायचे? ते पाणी राखते, आणि त्यापायी अल्कधर्मी रक्त असूनही आम्लधर्मी लघवी सोडते. जीव वाचवण्यासाठी मूत्रपिंड जाणूनबुजून चुकीचा हिशेब लिहिते, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. अशा बाळाला घाईने भूल दिली, तर नंतर त्याचा श्वास थांबण्याची भीती असते. एक-दोन दिवस सलाईन आणि पोटॅशियम देऊन, क्लोराइड १०० च्या आसपास आल्यावर केलेली शस्त्रक्रिया निर्धोक होते. हा आजार तातडीच्या औषधोपचाराचा आहे, तातडीच्या शस्त्रक्रियेचा नाही.

आता मूळ फोनकडे येऊ: सलाईन वाढवू का? यापूर्वी विचारायला हवा तो प्रश्न म्हणजे, कोणते सलाईन? इथे मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण इथे मुले दगावलेली आहेत.

होलिडे आणि सिगर या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मुलांना दिवसाला किती पाणी लागते याचे एक सोपे सूत्र मांडले. पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिलिलिटर, पुढच्या दहांना ५०, त्यापुढे २०. हे सूत्र मी विद्यार्थी असताना पाठ केले आणि आजही मला ते उपयोगी पडते. पण त्यांनी सोडियमचा हिशेब दुधातल्या सोडियमवरून बांधला होता, आणि त्यातून मुलांसाठी अगदी पातळ सलाईन, आमच्या भाषेत ‘एन बाय फाइव्ह’, रूढ झाले. त्यात लिटरला सुमारे ३० मिलिमोल सोडियम असते. रक्तात असते १४० च्या आसपास. आजारी नसलेल्या बाळाचे मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकून देते. शस्त्रक्रिया झालेल्या बाळात मात्र एडीएचने ते दार बंद केलेले असते. शिरेतून येणारे पाणी बाहेर जाऊ शकत नाही, रक्तातले सोडियम उतरू लागते, पाणी पेशींत शिरते आणि मेंदूला सूज येते. मुलाच्या कवटीत मेंदूला सुजायला जागाही कमी असते.

यातली क्रूर गोष्ट अशी, की आरंभीची लक्षणे फसवी असतात. डोके दुखणे, उलट्या, सुस्ती. तिन्हींचे स्पष्टीकरण जवळच उभे असते: ‘अजून भूल पुरती उतरलेली नाही.’ लघवी कमी आहे म्हणून कुणीतरी त्याच पातळ सलाईनचा वेग वाढवतो. आणि मग पहाटे मुलाला झटका येतो. एरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली १६ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. सारी आधी धडधाकट होती आणि अनेकांची शस्त्रक्रिया किरकोळ होती. मृत्यू किंवा मेंदूची कायमची इजा हाच त्यांचा शेवट झाला. उत्तर आयर्लंडमध्ये अशाच कारणांशी निगडित पाच मुलांच्या मृत्यूंची सार्वजनिक चौकशी न्यायमूर्ती जॉन ओहारा यांनी केली आणि जानेवारी २०१८ मध्ये तिचा अहवाल आला. त्यातील एका मुलीची शस्त्रक्रिया साध्या अपेंडिक्सची होती. ब्रिटनमध्ये २००७ सालीच हे पातळ सलाईन मुलांच्या सर्वसाधारण वॉर्डांतून काढून टाकण्याची सूचना निघाली होती.

मेलबर्न येथे ६९० मुलांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. रक्ताइतके सोडियम असलेले सलाईन दिलेल्या मुलांत सोडियम उतरण्याचे प्रमाण ४ टक्के होते, तर त्याच्या निम्मे सोडियम असलेल्या सलाईनने ११ टक्के. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ साली २८ दिवसांवरील मुलांना सर्वसाधारणपणे रक्ताच्या तोडीचे सोडियम असलेलेच सलाईन, ग्लुकोज आणि पोटॅशियम घालून द्यावे, असे सुचवले. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांचे विकार किंवा मेंदूची शस्त्रक्रिया असलेली मुले आणि नवजात बाळे यांचा हिशेब स्वतंत्र मांडावा लागतो. मी स्वतः शस्त्रक्रियेनंतरच्या मुलाला पातळ सलाईन देत नाही, आणि सलाईन चोवीस तासांपुढे चालणार असेल, तर सोडियम तपासल्याशिवाय राहत नाही. झटका आलाच, तर ३ टक्के सलाईन ताबडतोब हाताशी असले पाहिजे. प्रत्येक वॉर्डाच्या कपाटात ते आहे का, हे ज्याचे त्याने उद्याच पाहून घ्यावे.

याचा अर्थ पाणी कमी द्यावे असाही नाही. मोठ्या पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३,००० प्रौढांवरील एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात हात आखडून सलाईन दिलेल्यांपैकी ८.६ टक्के रुग्णांच्या मूत्रपिंडाला इजा झाली, तर सढळ हाताने दिलेल्यांपैकी ५ टक्के. ३३,००० हून अधिक प्रौढांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१३ मधील एका अभ्यासात, शस्त्रक्रियेत सरासरी रक्तदाब ५५ खाली काही मिनिटे जरी गेला, तरी मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण वाढलेले दिसले. मुलांसाठी असा एकच आकडा सांगता येत नाही, कारण त्यांचा रक्तदाब वयागणिक बदलतो. तत्त्व मात्र तेच: मूत्रपिंडाला हवा असतो दाब आणि पुरेसे रक्त. पोट फुगलेले, हातपाय गार, नाडी जलद असलेले मूल खरोखर कोरडे असते. त्याला सलाईन द्यायचे. पण ते रक्ताच्या तोडीचे, मोजून, आणि दर वेळी मुलाला पुन्हा तपासून.

आणि लॅसिक्स? लघवी वाढवणारे औषध दिले, की पिशवीत लघवी दिसते आणि सगळ्यांना हायसे वाटते. पण रक्तप्रवाह त्याने सुधारत नाही. मूल कोरडे असेल, तर ते आणखी कोरडे होते. एके काळी मूत्रपिंडाच्या संरक्षणासाठी म्हणून अल्प मात्रेत डोपामाइन लावण्याची प्रथा होती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ३२८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाने २००० साली ते निरुपयोगी असल्याचे दाखवले. पिशवीतल्या लघवीवर उपचार करायचे नसतात, मुलावर करायचे असतात.

मग खरी इजा ओळखायची कशी? येथे क्रिएटिनिनचा कागद आपल्याला फसवतो. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर १.२ पर्यंत ‘नॉर्मल’ लिहिलेले असते, ते प्रौढासाठी. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि मुलाचे स्नायू ते किती? ११० सेंटिमीटर उंचीचे, पाच वर्षांचे मूल घ्या. त्याचे क्रिएटिनिन ०.४ असेल, तर श्वार्ट्झ यांच्या २००९ च्या सूत्राप्रमाणे, म्हणजे ०.४१३ ला उंचीने गुणून क्रिएटिनिनने भागले असता, गाळण्याची क्षमता ११३ च्या जवळ येते. तेच क्रिएटिनिन ०.९ झाले, तर क्षमता ५० वर आली. निम्म्याहून अधिक काम गेले आणि कागदावर शिक्का ‘नॉर्मल’चाच! त्यातही क्रिएटिनिन एक-दोन दिवस उशिरा चढते आणि ते चढत असताना हे सूत्र वास्तवापेक्षा बरे चित्र दाखवते. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेआधीचा आकडा हाताशी असणे फार मोलाचे. ४८ तासांत ०.३ ने वाढ किंवा आठवड्यात दीडपट वाढ ही इजा समजावी, असा २०१२ पासूनचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. लघवीचा निकष किलोमागे तासाला ०.५ मिलिलिटरहून कमी, तीही सलग सहा तास. वीस किलोच्या मुलाला तासाला दहा मिलिलिटर. आकडा लहान वाटतो. पण तो वजन करून, मोजून, लिहूनच ठरवावा लागतो, अंदाजाने नव्हे. ‘लंगोट दोनदा ओला झाला’ ही आजींची नोंद प्रेमाची असते, पण लंगोटाचे वजन केले तर ती शास्त्रीयही होते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अतिदक्षता विभागातील ४,६८३ मुलांच्या बहुराष्ट्रीय अभ्यासात जवळपास २७ टक्के मुलांच्या मूत्रपिंडांना इजा झालेली आढळली. ज्यांची लघवी निकषाखाली गेली होती, त्यांपैकी दोन तृतीयांश मुले केवळ क्रिएटिनिन पाहून निसटली असती. तेव्हा दोन्ही आकडे हवेत. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

शेवटी वेदनाशामके. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत. भरपूर पाणी असलेल्या निरोगी मुलाला एक-दोन दिवस ती दिली, तर सहसा काही बिघडत नाही आणि मॉर्फिनची गरज कमी होते, हा लाभही आहे. पण उलट्या करणारे, फुटलेल्या अपेंडिक्सचे, तापाने फणफणलेले मूल त्याच प्रोस्टाग्लँडिनच्या आधाराने रक्त आणणारी रोहिणी उघडी ठेवून असते. तो आधार काढून घेतला आणि जोडीला अमिकासिन किंवा जेंटामायसिन चालू असले, तर गाभ्यातल्या त्या गड्याचे हाल होतात. नेफ्रोटिक सिंड्रोमची, एकच मूत्रपिंड असलेली, किंवा रक्तदाबासाठी एनालाप्रिल घेणारी मुले याच गटात मोडतात. एनालाप्रिल तर अँजिओटेन्सिनची वाटही बंद करते. अशा मुलांना पॅरासिटामॉल बरे. घरी असलेले तापाचे औषध कोणते, बाटलीवर काय लिहिले आहे, हे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना दाखवावे. इंदुरात घरोघरी ‘गुर्दा’ म्हणतात, आपण ‘मूत्रपिंड’ म्हणतो. बाटलीवर मात्र औषधाचे मूळ नाव तेवढे वाचायचे असते.

ज्या मुलाच्या मूत्रपिंडाला शस्त्रक्रियेच्या काळात खरोखरच इजा झाली, ते बहुधा काही दिवसांत बरे होऊन घरी जाते आणि टाके काढल्यावर सारे विसरतात. त्याला तीन महिन्यांनी एकदा बोलवावे. रक्तदाब मोजावा, तोही मुलाच्या दंडाला बसेल अशा पट्ट्याने. लघवीतील प्रथिने तपासावीत, क्रिएटिनिन करावे. सुटीच्या कागदावर ही तारीख आणि शस्त्रक्रियेआधीचा क्रिएटिनिनचा आकडा ठळक अक्षरांत लिहून द्यावा. पुढे दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांपुढे तो कागद ठेवला जातो, तेव्हा त्यांना तुलनेसाठी तेवढाच आधार असतो.